ह्येचो ठराव कसो लिवचो?

15 ऑगस्टची ग्रामसभा. देवगडच्या बाजूचं खाडीकाठचं गाव, शाळेला लागून असलेलं पत्र्याचं सभागृह, आणि पाऊस असा की विषयपत्रिका वाचणाऱ्या ग्रामसेवकाचे नुसते ओठ हलताना दिसत होते. झेंडावंदन उरकून माणसं तशीच येऊन बसली होती. दाराशी छत्र्यांचा ढीग, ओल्या कपड्यांचा आणि नुकत्याच वाटलेल्या लाडवांचा मिळून झालेला एक वास. पाणीपुरवठ्याचा विषय निघाला तसा मागच्या रांगेतल्या एका काकींनी मोबाइल पुढे सरकवला. त्यांच्या पुतण्याने गावच्या नळयोजनेवर रॅप करून टाकलं होतं. पोरगा मुंबईजवळ दिव्याला राहतो, कुरिअरच्या गोदामात रात्रपाळी करतो, गणपतीला आणि मे महिन्यात गावी येतो. गाणं एक मिनिट छत्तीस सेकंदांचं. पत्र्याच्या गजरात बीट ऐकूच येईना, म्हणून मोबाइल हातोहात फिरला आणि जो तो कानाशी धरून ऐकू लागला:

55 लिटर कागदार, हंडो रिकामो दारार,
नळ इलो भिंतीर, पाणी ऱ्हवला बॅनरार.

मोबाइल जसा सरकला तसं हसू रांगेरांगेने पुढे सरकत गेलं. सरपंचही हसले, आणि ते हसणं खोटं नव्हतं. शेवटी मोबाइल ग्रामसेवकाच्या टेबलावर पोचला. त्याने पूर्ण ऐकलं, दोनदा. मग इतिवृत्ताच्या वहीवर टेकवलेलं पेन तसंच धरून म्हणाला, "बरां आसा. पण भावांनू, ह्येचो ठराव कसो लिवचो? सूचक कोण, अनुमोदक कोण?"

हसणं थांबलं.

प्रश्न खवचट नव्हता, म्हणून तर तो डोक्यातून जात नाही. वहीत जे उतरत नाही ते ग्रामसभेत घडलेलंच नसतं, हे त्या माणसाला नोकरीने शिकवलं होतं. गाण्यात तक्रार होती, आकडा होता (माणशी दिवसाला 55 लिटर हे योजनेचं आश्वासन), विनोद होता, सगळ्या सभागृहाची मान डोलली होती. तरी वहीच्या भाषेत त्याला बसायला जागा नव्हती. हिप-हॉप राजकारण बदलतं का, यावर शहरात चर्चासत्रं होतात. त्या सगळ्यांचा गाभा या एका वाक्यात आलाय असं वाटत राहतं.

मुळात हे संगीत राजकारण करायला निघालंच नव्हतं. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये, 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीतल्या सामाईक खोलीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली, कारण शाळा सुरू व्हायच्या आत तिला नवे कपडे घ्यायचे होते. मुलींना 25 सेंट, मुलांना 50 सेंट. तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, तबकड्या लावायला. गाण्यातला जो तुकडा निव्वळ तालाचा असतो त्याच्यावर पोरं जास्त नाचतात हे त्याने हेरलं होतं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावून तो तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत राहिला. बाहेर त्या वस्तीतून महामार्ग आरपार गेलेला, घरांना आगी लागत होत्या, घरमालक पळाले होते. आत मात्र नाच. परिस्थिती गाण्याच्या शब्दांत नीट उतरायला पुढे नऊ वर्षं गेली, 1982 च्या ‘द मेसेज’ या गाण्यापर्यंत. आणि त्यानंतर सातच वर्षांत, 1989 मध्ये, अमेरिकेच्या एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने पोलिसांवरच्या एका रॅप गाण्याबद्दल रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्र धाडलं. सरकारी लेटरहेडवर आलेलं ते पत्र म्हणजे रॅपला मिळालेली पहिली मोठी दाद, असं मी तरी समजतो.

कोकणाला यातलं काही नवं वाटायचं कारण नाही. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, बसलेल्या माणसाला रॅप बॅटल समजावून सांगावी लागत नाही. दोन बुवा, दोघांच्या पेट्या, दोन्ही बाजूंना पखवाज, झांज, कोरस. आधी स्तवन, मग रूपाचा अभंग, गौळण, आणि रात्र चढली की गजरात समोरच्याला टोमणा. चाल चालू सिनेगीताची उचललेली असते, शब्द बुवाचे. दुसऱ्याच्या गाण्यावर आपले शब्द चढवणं यालाच ब्रॉंक्समध्ये कला म्हणाले. उत्तरेला, राजापूर-लांज्यापासून गुहागर-चिपळूणपर्यंत, शक्ती-तुऱ्याची जाखडी. ढोलकीवाला आणि शाहीर मधे, भोवती चाळ बांधलेले नाचे, एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तो त्याच छंदात फेडायचा. शेवटच्या कडव्यात शाहिराची छाप येते, गुरूचं आणि गावाचं नाव येतं. रॅपर गाण्यात मधेच स्वतःचं नाव ठोकतो ते याहून वेगळं काय? दशावतारातला संकासूर गावच्या रस्त्यावरून कोट्या करतो आणि पुढच्या खुर्चीत बसलेला पुढारी पाय हलवत हसतो. शिमग्याला तर बोलायलाच नको.

पण या सगळ्यांना एक कुंपण आहे. परवाना एका रात्रीचा असतो. शिमग्यात पाटलाच्या दारात जाऊन बोंब मारता येते, पाचव्या दिवशी त्याच पाटलाकडे बी-बियाण्याला जायचं असतं. बारीत टोमणा मारलेला बुवा पहाटे समोरच्या बुवाबरोबर एकाच किटलीतला चहा पितो. शिमगा गेला नि कवित्व उरलं, असं आपण कुणी जुनं उकरत बसलं की वैतागून म्हणतो. म्हणजे उरू नये अशीच अपेक्षा. मोबाइलवरच्या रॅपने हे कुंपण मोडलं. आता शिमगा जातो आणि कवित्व खरंच उरतं, तारखेसकट, कुणीही पुन्हा लावावं असं. हसणाऱ्या सरपंचाचं हसू तिसऱ्या महिन्यात ओसरतं ते यामुळे.

ते किती ओसरू शकतं हे महाराष्ट्राने एप्रिल 2023 मध्ये पाहिलं. छत्रपती संभाजीनगरच्या एका रॅपरवर त्याच्या खोक्यांच्या गाण्याबद्दल अंबरनाथला गुन्हा दाखल झाला. गाण्यात कुणाचंही नाव नव्हतं. त्याच सुमाराला मुंबईत वडाळ्याला आणखी एका रॅपरला पोलिसांनी बोलावून घेतलं. दोघांनी जे म्हटलं ते चहाच्या टपरीवर रोज म्हटलं जात होतं. फरक उरण्याचा होता. म्हणून गावच्या विषयावर लिहिणाऱ्या पोरांना जुने शाहीर जे सांगायचे तेच आता कायद्याच्या भाषेत सांगावं लागतं. माणसाचं नाव घेऊ नका, पदाचं आणि कामाचं घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीचा गुन्हा आहे आणि तिथे ‘पण मी खरंच बोललो’ एवढं पुरत नाही. खरं होतं आणि लोकहिताचं होतं, दोन्ही दाखवावं लागतं. ‘ठेकेदार चोर’ हे वाक्य न्यायालयात सिद्ध करायला दहा वर्षं. ‘काम बारा महिन्यांचं, आता तिसावा महिना’ हे सिद्ध करायला एक कागद.

तो कागद मिळवणं हेच या गाण्यांतलं खरं रियाजाचं काम, आणि नेमकं तेच कुणी करत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. ही शब्दमर्यादा रॅपरला सांगितली की तो हसतो, कारण त्याच्या अख्ख्या गाण्यातही साधारण तेवढेच शब्द मावतात. मागायचं काय, इथे चूक होते. ‘योजनेची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलं की उत्तर येतं, मोघम आहे. कार्यारंभ आदेशाची प्रत मागावी, त्यात कामाची मुदत असते. अंदाजपत्रक मागावं, त्यात पाइपाचा व्यास आणि लांबी असते. मोजमाप पुस्तिकेची प्रत मागावी, कारण किती खोदलं आणि किती टाकलं हे तिथे मोजून लिहिलेलं असतं आणि देयक त्यावरूनच निघतं. पान दोन रुपयांना. उत्तराला 30 दिवस, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. नळयोजनेचा अर्ज तहसीलदाराकडे टाकण्याची हौस अनेकांना असते. तो तिथून फिरत फिरत येतो आणि दिवस जातात. काम जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचं असलं तर अर्जही तिथल्याच जन माहिती अधिकाऱ्याला. हा महिनाभर पोराने बीट निवडण्यात घालवला तरी हरकत नाही, अर्ज आधी गेलेला असावा.

महामार्गाच्या गाण्यांचं हसं होतं ते याच कारणाने. दर गणपतीला मुंबई-गोवा रस्त्यावर शेकड्याने रील येतात. खड्डा, कंबर, बाप्पा, टोल, सगळं यमकात, आणि शेवटी ‘सरकार झोपलंय’. कोणतं? पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा तुकडा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. इंदापूरच्या पुढे झारापपर्यंतचा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग विभागाकडे. चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं. म्हणजे पहिल्यांदा खड्ड्यात हेलपाटलेली पोरं आता स्वतःच्या पोरांना घेऊन त्याच खड्ड्यातून जातात. पत्ता नसलेलं पत्र टपालपेटीत टाकावं तशी ही गाणी. ऐकताना बरं वाटतं, हे मात्र मान्य.

आणि खरं सांगायचं तर खड्ड्याचं गाणं परवडलं. ‘आपलं कोकण’ म्हणून जो रॅप येतो त्यातला निम्मा म्हणजे सुरमई, शहाळं, लाल माती आणि आजीचं घर यांची यादी, ड्रोनच्या शॉटसकट. घराला कुलूप का आहे याची एक ओळ त्यात नसते.

कारागिरीचं बोलू. 90 च्या लयीत, म्हणजे मिनिटाला 90 ठोके, चार ठोक्यांचा एक बार साधारण पावणेतीन सेकंद घेतो. चार बार सुरुवात, बारा बार व्हर्स म्हणजे कडवं, चार बार हुक म्हणजे ध्रुवपद, पुन्हा बारा, पुन्हा चार. एकूण 36 बार, बरोबर 96 सेकंद. पुतण्याचं गाणं याच मापाचं होतं. या लयीवर केरवा सरळ बसतो, आठ मात्रा चार ठोक्यांत. दादऱ्याच्या सहा मात्रा ओढून बसवायला गेलं की दुसऱ्याच ओळीत पाय घसरतो. मराठीत एका बारात 12 ते 16 अक्षरं सुखाने मावतात. पोरं दिल्लीचं ऐकून 140 च्या ड्रिल नावाच्या वेगवान बीटवर मराठी घालतात, मग जोडाक्षरं चिरडतात आणि ‘ग्रामपंचायत’ हा शब्द तोंडातच फुटतो. दुसरी खोड क्रियापदाची. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे आहे-राहे-पाहे, केलं-गेलं-मेलं ही यमकं फुकट मिळतात आणि फुकटचीच वाटतात. मालवणीने इथे पोराला हात दिला. कागदार, दारार, बॅनरार: यमक विभक्तीत आहे, क्रिया मधेच उरकलीय आणि ठोका नामावर पडतो. बॅनर या शब्दावर जो हशा आला तो जागेमुळे आला.

तिसरी गोष्ट त्या दिवशी पत्र्याने शिकवली. पोरं हेडफोन लावून बीट करतात आणि खालचा खर्ज छातीत बसेल असा वाढवतात. मोबाइलच्या स्पीकरवर तो खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि गाव ऐकतं ते मोबाइलवरच. मग उरतात शब्द. शब्द तेवढ्याने उभे राहिले तर गाणं राहिलं. म्हणून आवाज नीट घेणं महत्त्वाचं: कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट किंवा डोक्यावरून गोधडी, मोबाइल तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा तिरका, म्हणजे प, फ, भ यांचा फुस्कारा माइकवर येत नाही. किनाऱ्यावर जाऊन रेकॉर्ड करायचा मोह टाळावा. लाटा छान वाटतात, वारा सगळं खातो. पावसाळ्यात पत्र्याखाली तर नकोच. आणि इंटरनेटवरचा ‘फ्री’ बीट बहुतेक वेळा फक्त बिनकमाईच्या वापराला फ्री असतो. गाणं चाललं की मूळ बीटवाला हक्क सांगतो आणि ऐन ग्रामसभेच्या आठवड्यात व्हिडिओ गायब.

हे सगळं जमलं तरी ग्रामसेवकाचा प्रश्न तसाच. सूचक कोण?

त्याचं सगळ्यात नेटकं उत्तर एका दुसऱ्याच किनाऱ्यावर मिळालं होतं. सेनेगल हा मासेमारीवर जगणारा देश, डाकार समुद्रावरचं शहर. जानेवारी 2011 मध्ये तिथे वीज तासन्‌तास जात होती. काओलाक शहरातल्या ‘कर गी’ या गटातले थियाट आणि किलिफू हे दोन रॅपर आणि फादेल बारो हा त्यांचा पत्रकार मित्र अंधारात बसले होते, आणि वैतागातून ‘यां ना मार’ हे नाव निघालं. अर्थ ‘आता पुरे’. गाणी तर त्यांनी केलीच. पण वीज हा विषय त्यांनी तिथे ठेवला नाही. काही महिन्यांतच मतदार नोंदणीची मोहीम काढली, ‘माझं ओळखपत्र हेच माझं हत्यार’ म्हणत. वस्त्यावस्त्यांत गट उभे केले. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी पहिल्या फेरीत 25 टक्के मतांवर निवडून येता येईल अशी घटनादुरुस्ती आणली, 23 जूनला संसदेसमोर गर्दी उसळली आणि त्याच दिवशी ती मागे घ्यावी लागली. मार्च 2012 मध्ये वाद निवडणूक हरले. गाण्यामुळे हरले असं म्हणणं बालिशपणा होईल. विरोधी पक्ष होते, संघटना होत्या, महागाई होती. पण गाणं ऐकून पेटलेल्या माणसाने उद्या सकाळी कुठल्या रांगेत उभं राहायचं, हे त्या पोरांनी त्याच दमात सांगितलं होतं.

उलट बाजूही पाहिलेली आहे. 2004 मध्ये अमेरिकेत बड्या रॅपरनी ‘मत द्या नाहीतर मरा’ अशा घोषणेचे टी-शर्ट घालून मोहीम केली. टी-शर्ट झळकले, मत कशासाठी द्यायचं ते कुणी सांगितलं नाही. ट्युनिशियात एल जनराल या पोराचं राष्ट्राध्यक्षांना उद्देशून केलेलं गाणं 2010 च्या अखेरीला आलं, जानेवारीत त्याला उचललं, आठवड्याभरात राष्ट्राध्यक्षच देश सोडून गेले. पण रस्त्यावरचा वणवा गाण्याने लावला नव्हता, गाणं त्यात वाऱ्यासारखं. काठमांडूत बालेन शाह या रॅपरने 2022 मध्ये सरळ अपक्ष उभं राहून महापौरपद घेतलं, आणि मग त्याच्याकडे लोक कचऱ्याचा हिशेब मागायला लागले. हे मला त्याच्या कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त रोचक वाटतं.

आपल्याकडचं उदाहरण कोडाइकनालचं. हिंदुस्तान युनिलिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना 2001 मध्ये पाऱ्याच्या कचऱ्यावरून बंद झाला. कामगारांची संघटना 2006 पासून मद्रास उच्च न्यायालयात होती. 2015 च्या जुलैअखेर सोफिया अश्रफ या रॅपर मुलीने एका गाजलेल्या अमेरिकन गाण्याच्या चालीवर त्याबद्दल रॅप केलं, आणि व्हिडिओ जगभर फिरला. मार्च 2016 मध्ये 591 माजी कामगारांशी कंपनीने तडजोड केली. दोष मात्र मान्य केला नाही. यातल्या तारखा शांतपणे पाहाव्यात. गाण्याआधी जवळजवळ नऊ वर्षांची फाइल होती. कामगारांची नावं होती, सह्या होत्या, मागण्या लिहिलेल्या होत्या, व्हिडिओसोबत सही करायला निवेदन होतं. गाण्याने ढकललं ते दार आधीच बिजागऱ्यांवर उभं होतं. आमचे उत्साही लोक ‘एका गाण्याने कंपनीला झुकवलं’ असं सांगतात तेव्हा त्या नऊ वर्षांची कागदं वाहणाऱ्या माणसांवर अन्याय होतो. आरेच्या झाडांसाठी ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटाने 2019 मध्ये आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारल्यांचं गाणं केलं. गाणं खणखणीत, चळवळ जागी, तरी ऑक्टोबरात एका रात्री झाडं पाडायला सुरुवात झालीच. गाणं चुकलं नव्हतं.

आता ग्रामसभेचं गणित. गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी असेल ते. तेवढी माणसं नाही जमली तर सभा तहकूब, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे पहिल्या सभेला कुणी फिरकलं नाही तर दुसऱ्या सभेत सातआठ माणसं गावाच्या नावाने ठराव करू शकतात. हे ज्यांना माहीत असतं ते पहिल्या सभेचा निरोप हळू आवाजात देतात. वर्षात चार सभा, बहुतेक गावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर किंवा त्यांच्या आगेमागे. चाकरमानी येतो शिमग्याला, आंब्याला आणि गणपतीला. चारांतली एकच, 1 मेची, त्याच्या वाट्याला येते, आणि आली तरी तो तिथे पाहुणा. ग्रामसभेचा सदस्य म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेला माणूस. पुतण्याचं नाव दिव्याच्या यादीत. ते गावात हलवायला नमुना 8 भरता येतो, पण नाव तिथेच लागतं जिथे माणूस सामान्यपणे राहतो. दोन्हीकडे ठेवणं कायद्याला मान्य नाही. गावावर सगळ्यात धारदार लिहिणारी पोरं नालासोपारा, दिवा, भांडुपच्या यादीत, आणि यादीत नाव असलेली माणसं रोज त्याच सरपंचाच्या दुकानातून तेल-मीठ आणणारी. पोराला धीटपणा परवडतो तो अंतरामुळे, आणि अंतरामुळेच तो सूचक होऊ शकत नाही. म्हणजे गाणं त्याच्या तोंडून सुटून गावातल्या कुणाच्या तरी तोंडी यायला हवं.

त्याची रीत आपल्याकडे आहे, आणि ती रॅपपेक्षा जुनी आहे. गाऱ्हाणं. देवळात मानकरी उभा राहतो, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून नेमक्या देवाला हाक घालतो, बारा-पाचाच्या सगळ्यांना साक्षी ठेवतो, कुणाचं काय अडलंय ते सांगतो, त्या बदल्यात काय हवं ते सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे एका दमात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" पत्ता आहे, तक्रार आहे, मागणी आहे. सूचक आहे, आणि अनुमोदक तर सगळं देऊळ. तो प्रतिसाद चार बारांच्या हुकमध्ये अलगद बसतो. 90 च्या लयीत म्हणून पाहावं, ‘व्हय’ तिसऱ्या ठोक्यावर आणि ‘म्हाराजा’ चौथ्यावर पडतं. फक्त एक गोष्ट सांभाळायची: हुकमध्ये विनोद ठेवायचा नाही, मागणी ठेवायची. ‘पाणी ऱ्हवला बॅनरार’ याला व्हय म्हाराजा म्हटलं तर काहीच होत नाही. ‘मोजमाप पुस्तिका सभेत वाचा’ याला म्हटलं तर तो ठराव झाला, वहीत जसाच्या तसा उतरतो.

आणि तो त्या दिवशीही उतरला असता. हसणं थांबल्यावर ग्रामसेवक थोडा वेळ पेन धरून बसला, मग मागच्या रांगेकडे मान करून जरा मोठ्याने म्हणाला, "काकी, मोबाइल तुमचो. सूचक म्हणान तुमचा नाव घालू?"

काकींनी पदर सावरला, मोबाइल परत मागून घेतला आणि मागे सरल्या. "माझा? माका खय गाणी म्हणूक येतत!"

पुन्हा हसू झालं. पाऊस जरा कमी झाला होता. वहीत ‘पाणीपुरवठ्याच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली’ असं लिहून ग्रामसेवकाने पान उलटलं आणि पुढचा विषय वाचला, रस्त्यावरचे दिवे.